कला आणि डिझाईन प्रवेशाचा पोर्टफोलिओ : पहिल्या कागदापासून मुलाखतीपर्यंत

दहावी-बारावीनंतर डिझाईनला किंवा चित्रकलेला जायचे ठरले की पुण्यातील बहुतेक घरांत गोष्टी एकाच क्रमाने घडतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची प्रमाणपत्रे कपाटातून निघतात, शाळेपासूनची चित्रे माळ्यावरून खाली येतात, अप्पा बळवंत चौकातून झिपची मोठी काळी फाईल आणली जाते आणि सगळे त्यात भरले जाते. फाईल जाड झाली की काम झाल्यासारखे वाटते. अशा फायली घेऊन विद्यार्थी आणि पालक गेली काही वर्षे माझ्याकडे येत आहेत, आणि आमची पहिली बैठक बहुतेक वेळा चित्रे बाहेर काढण्यातच जाते. प्रवेश समितीला त्या फाईलमधून, म्हणजे निवडक कामांच्या पोर्टफोलिओतून, मुख्यतः हे जाणून घ्यायचे असते, की समोरची वस्तू हा विद्यार्थी किती लक्ष देऊन पाहतो आणि पाहिल्यावर तिच्याविषयी स्वतः काय विचार करतो. पुढील सर्व सूचना याच हिशेबाने वाचाव्यात.

पोर्टफोलिओ लागतो का, हे आधी पाहावे

हा प्रश्न अनेक जण विचारतच नाहीत आणि नको तेथे सहा महिने घालवतात. आयआयटींमधील बी. डिझाईनचा प्रवेश यूसीड या डिझाईनच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. त्या परीक्षेत रेखाटनाचा प्रश्न असतो, परंतु पोर्टफोलिओ कोणी मागत नाही. महाराष्ट्रातील अनेक कला महाविद्यालयांत बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत पदवीसाठी पूर्वपरीक्षेनंतर प्रत्यक्ष बसून करायची स्टुडिओ चाचणी असते, निफ्ट या फॅशन संस्थेत दिलेल्या साहित्यातून वस्तू करून दाखवायची सिच्युएशन टेस्ट असते, तर देशातील आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी प्रामुख्याने नाटा ही अभियोग्यता परीक्षा विचारात घेतली जाते. या वाटेने जाणाऱ्यांनी स्केचबुक जरूर भरावे, परंतु वेळ आधी परीक्षेच्या सरावाला द्यावा.

पोर्टफोलिओला खरे वजन येते ते दुसऱ्या वाटांवर. विमाननगरच्या सिम्बायोसिसच्या डिझाईन संस्थेत लेखी परीक्षेनंतर पोर्टफोलिओ पाहणी आणि वैयक्तिक संवाद होतो, आणि खासगी डिझाईन संस्थांमध्ये ही पद्धत आता सर्रास आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत तर पोर्टफोलिओ समोर ठेवूनच बहुतेक बोलणे होते. परदेशी कला विद्यापीठांत पदवीसाठीही प्रवेशाचा मोठा भाग त्याच्यावरच ठरतो. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मावसभावाच्या सांगण्यावर न जाता चालू वर्षाचे माहितीपत्रक स्वतः वाचावे.

वाचताना प्रत्येक संस्थेसाठी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर किती कामे मागितली आहेत, फाईल कोणत्या प्रकारची आणि किती आकाराची हवी, सोबत निवेदन (स्वतःविषयी आणि कामाविषयी लिहिलेला छोटा मजकूर) हवे का, ठरावीक विषयावर वेगळे काम करून द्यायचे आहे का आणि अंतिम तारीख कोणती, एवढेच लिहावे. हे कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावले की एकच फाईल सगळीकडे पाठवता येणार नाही, हे लगेच दिसते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाईन १२ ते २० कामे मागते, तर दुसरी एखादी संस्था १० पानांची एकच पीडीएफ मागते. ब्रिटनसाठी यूकास या तेथील सामाईक प्रवेश यंत्रणेचा अर्ज आधी भरावा लागतो आणि पोर्टफोलिओ नंतर ते महाविद्यालय आपल्या स्वतंत्र पोर्टलवर मागवून घेते. अनेकांना वाटते की यूकासचा अर्ज गेला म्हणजे सगळे गेले, आणि पोर्टफोलिओ मागणारा ईमेल तसाच न उघडता पडून राहतो.

वेळेचे गणित सोपे आहे, पण निर्दय आहे. बारावीच्या बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, प्रात्यक्षिके त्याआधी होतात, यूसीडसारख्या परीक्षा जानेवारीत येतात आणि परदेशी विद्यापीठांच्या बऱ्याच मुदती जानेवारीच्याच आसपास असतात. म्हणजे पोर्टफोलिओचे मूळ काम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत संपलेले हवे, आणि ते संपायचे असेल तर अकरावीच्या मे महिन्यात सुरू व्हायला हवे.

काय काढावे

येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी अडचण येथेच असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या विषयांनी आपल्या मुलांचा हात चांगला तयार होतो. त्या शिक्षणाला मी कमी लेखत नाही. परंतु एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी एक सवयही लागते : तांब्या, त्यामागे दुमडलेले कापड, शेजारी दोन वांगी, छाया डावीकडे, सगळे स्वच्छ आणि संपूर्ण. समितीतील शिक्षकाने असा तांब्या शेकडो वेळा पाहिलेला असतो आणि त्यावरून त्याला तुमच्याविषयी फारसे काही कळत नाही.

त्याऐवजी प्रत्यक्ष जागेवर जाऊन काढलेली चित्रे हवीत. मोबाईलवरील फोटो पाहून काढलेले चित्र आणि समोर बसून काढलेले चित्र यांतील फरक अनुभवी डोळ्याला चटकन कळतो. फोटोवरून काढलेल्या चित्रात सावल्या सपाट होतात, कडा सगळीकडे सारख्याच ठळक येतात आणि नजर कोठे थांबली होती हे दिसत नाही. पुण्यात राहणाऱ्याला विषयांचा तोटा नाही. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा समोरून, कॅलेंडरवर असतो तसा काढलेला मी असंख्य फायलींत पाहिला आहे. त्याच दरवाजावरील हत्तींना रोखण्यासाठी ठोकलेल्या अणकुचीदार खिळ्यांपैकी तीनच खिळे जवळून काढलेले मात्र एकदाच पाहिले, आणि ते अजून लक्षात आहेत. महात्मा फुले मंडईत सकाळी गाळेवाले भाजीची रास लावत असतात. केळकर संग्रहालयात एकाच कपाटात नाना आकारांचे अडकित्ते आहेत. स्वारगेटला गाडीची वाट पाहणारी माणसे दहा मिनिटे तरी एका जागी बसतात. तेथे बसून पंचवीस वेगवान रेखाटने केली, तर त्यांतील चार उपयोगी पडतात, आणि तेवढे प्रमाण मला ठीक वाटते.

एका विद्यार्थिनीचे काम जवळून पाहिल्यामुळे येथे सांगतो. ती कसबा पेठेतील तांबट आळीत महिनाभर दर शनिवारी जात असे. सुरुवातीला तिने सगळ्यांसारखेच काढले : दुकान, टांगलेली भांडी, चकाकणारे हंडे. तिसऱ्या आठवड्यात तिचे लक्ष माठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके देण्याचे काम, करणाऱ्या कारागिराच्या डाव्या हाताकडे गेले. उजव्या हातातील हातोडी एकाच लयीत, एकाच उंचीवरून पडत राहते आणि डावा हात भांडे दर ठोक्यागणिक केसभर फिरवतो. ठोक्यांच्या गोल खुणा एकमेकींना चिकटून ओळीने येतात त्या या फिरवण्यामुळे. तिने पुढची आठ पाने फक्त त्या हाताला आणि भांड्याच्या काठाला दिली. काठाचा लंबगोल तिला तीनदा चुकला, तिने तो खोडून बाजूला पुन्हा काढला आणि चौथ्यांदा जमल्यावर शेजारी पेन्सिलीने लिहिले, की डोळा भांड्याच्या वर असताना काठ अधिक उघडा दिसतो. मुलाखतीत समितीने त्या खोडलेल्या पानावर सर्वांत जास्त वेळ घालवला. घरी आईने मात्र तेच पान फाडून टाकायला सांगितले होते.

गणपतीविषयी एक शब्द. पुण्यातून जाणाऱ्या प्रत्येक फाईलमध्ये गणपती असतोच आणि श्रद्धेचा मान राखूनही सांगावे लागते, की तो तेथे तुमची ओळख पुसून टाकतो. उत्सवावरच काम करायचे असेल, तर नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असताना जाऊन बसावे : ढोलाची दोरी ताणताना टेकवलेला गुडघा, ढोलाच्या तोंडावरचे फाटलेले पान बदलणारी दोन मुले, टोल (ढोल वाजवायची काठी) धरून सुजलेली बोटे. हे विषय तुमचे होऊ शकतात, कारण तेथे तुम्ही होता.

कच्ची पाने टाकून देऊ नका

डिझाईनच्या प्रवेशासाठी सुंदर चित्रांइतकाच, किंबहुना जास्त, उपयोग विचारांच्या पानांचा होतो. माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याने घरातील मिसळणाच्या डब्यावर काम केले होते. फाईलमध्ये संगणकावर तयार केलेले नव्या डब्याचे एक चकचकीत चित्र होते आणि बाकी काही नव्हते. विचारत गेल्यावर कळले, की फोडणीच्या वेळी आईचा एक हात कढईच्या दांड्यावर अडकलेला असतो, त्यामुळे डबा एका हाताने उघडावा लागतो. झाकण ओढले की वाटी कलते आणि हळद मोहरीत सांडते. हे त्याने चार दिवस स्वयंपाकघरात उभे राहून टिपले होते. पुठ्ठ्याचे पाच नमुने केले होते, तिसरा उघडताच कोसळला होता, चौथ्यात चमच्यांना जागाच उरली नव्हती. ते सगळे नमुने गॅलरीत रद्दीच्या ढिगाऱ्यात होते, आणि रद्दीवाला दोन दिवसांनी येणार होता. आम्ही ते सोडवून आणले, धूळ झटकली, क्रमाने मांडले आणि त्यांचे फोटो काढले. त्याच्या पोर्टफोलिओत सर्वांत चांगली पाने हीच ठरली. चकचकीत चित्र शेवटी लहान आकारात ठेवले.

असे एक-दोन प्रकल्प पुरतात. त्यांत अडचण कोठे दिसली, कोणाशी बोललात, काय करून पाहिले, काय फसले आणि मग काय बदलले, हे क्रमाने दिसावे. प्रकल्प मोठा असण्याची गरज नसते. संपूर्ण शहराची वाहतूक सुधारण्याचे आराखडे बारावीच्या विद्यार्थ्याकडून आले की वाचणाऱ्याला कौतुक वाटण्याऐवजी शंका येते.

निवड आणि क्रम

सगळी कामे हॉलमध्ये फरशीवर पसरावीत आणि त्यांभोवती चालत फिरावे. प्रत्येक कामासमोर स्वतःला विचारावे, की हे आपल्या क्लासमधील दुसऱ्या कोणाचेही असू शकले असते का. उत्तर हो आले तर ते काम उचलावे. तयारी करून घेणाऱ्या क्लासमधून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दहा फायलींत तीच कलर व्हील, तीच दोन बिंदूंची यथार्थदर्शने (पर्स्पेक्टिव्ह) आणि तोच चुरगळलेला कागद असतो, आणि त्या दहाही फायली अनेकदा एकाच टेबलावर येऊन पडतात. क्लासला जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. क्लासचे काम सराव म्हणून करावे, पोर्टफोलिओत एखादेच ठेवावे.

पहिले काम असे हवे, की पाहणारा थांबेल. शेवटचे असे, की फाईल मिटताना ते डोळ्यांसमोर राहील. मध्ये विषयांची आणि माध्यमांची पाळी बदलती ठेवावी, पण एका प्रकल्पाची पाने तोडू नयेत. १५ पर्यंत कामे मागितली असतील आणि तुमच्याकडे खरोखर चांगली १३ च असतील, तर किमान मर्यादा पाळून १३ च द्यावीत, कारण शेवटची दोन दुबळी कामे आधीच्या कामांबद्दलही शंका निर्माण करतात. निवड झाल्यावर ती घरच्यांखेरीज कोणाला तरी दाखवावी. आजी सगळ्यालाच छान म्हणते.

छायाचित्रे : निम्मी मेहनत येथे वाया जाते

आता बहुतेक पोर्टफोलिओ पडद्यावरच पाहिले जातात, त्यामुळे तुमचे चित्र कसे आहे यापेक्षा त्याचा फोटो कसा आहे हेच समितीला आधी दिसते. रात्री ट्यूबलाइटखाली, पलंगावर ठेवून, वरून मोबाईल धरून काढलेल्या फोटोत कागद पिवळसर येतो, एका कोपऱ्यात डोक्याची सावली पडते आणि चौकोनी चित्र वरच्या बाजूला निमुळते होते.

गच्ची किंवा मोठी खिडकी निवडावी. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, थेट ऊन पडत नाही अशा सावलीत, चित्र भिंतीवर चिकटपट्टीने सरळ लावावे. पावसाळ्यातील ढगाळ, पण पाऊस न पडणारी सकाळ सर्वांत उत्तम, कारण उजेड सगळीकडून सारखा येतो. मोबाईल चित्राच्या बरोबर मध्यासमोर, त्याला समांतर धरावा; शक्यतो तिपाईवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवावा. अगदी जवळ जाऊ नये, दोन पावले मागे सरकून थोडा झूम करावा, म्हणजे कडा वाकत नाहीत. फ्लॅश बंद ठेवावा. काचेच्या चौकटीतील चित्र बाहेर काढूनच फोटो घ्यावा, नाहीतर चित्रात गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते.

ए-४ पर्यंतची रेखाटने स्कॅन करणे सोयीचे असते. ३०० डीपीआयवर ए-४ कागदाची प्रतिमा २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलची होते आणि पडद्यासाठी ती पुरेशी आहे. पेन्सिलीच्या कामाचा स्कॅन करड्या धुक्यासारखा आला, तर कागदाचा पांढरा रंग खऱ्या कागदाइतका होईपर्यंतच उजळावा. त्यापुढे गेले की फिकट रेषा नाहीशा होतात. कोळशाच्या चित्रावर आधी फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारावे, नाहीतर स्कॅनरची काच काळी होते आणि पुढच्या सगळ्या पानांवर तो डाग दिसतो. मातीच्या किंवा पुठ्ठ्याच्या त्रिमित कामामागे साधा करडा कागद लावावा आणि तीन बाजूंनी फोटो घ्यावेत. त्यांपैकी एकात हात किंवा पट्टी असावी, म्हणजे आकार कळतो. फिल्टर वापरू नयेत. काही मोबाईल एचईआयसी प्रकारात फोटो साठवतात आणि पुष्कळ पोर्टल तो प्रकार घेत नाहीत, म्हणून जेपीजीमध्ये रूपांतर करून ठेवावे.

चित्राखालील ओळी आणि निवेदन

प्रत्येक कामाखाली शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष द्यावे आणि गरज असेल तेथे एक वाक्य. त्या वाक्यात चित्रात दिसते तेच पुन्हा सांगू नये. ‘मंडईतील भाजीवाली’ असे लिहिण्यापेक्षा ‘सकाळी सात ते साडेसात, एकाच जागेवरून’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला काही नवे कळते. गटाने केलेल्या कामात स्वतःचा वाटा स्पष्ट लिहावा. दुसऱ्याच्या चित्रावरून अभ्यास केला असेल तर मूळ चित्रकाराचे नाव द्यावे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असेल तर संस्थेचा नियम पाहून तेही नोंदवावे. मुलाखतीत ‘हे कसे केले’ हा प्रश्न येतोच आणि तेथे लपवाछपवी टिकत नाही.

निवेदन आधी मराठीत लिहावे. इंग्रजीत थेट लिहायला बसले की ‘लहानपणापासूनच मला रंगांची आवड’ याच अर्थाची वाक्ये येत राहतात, कारण ती तयारच असतात. मराठीत तुम्ही जे खरोखर बोलता ते उतरते, आणि मग त्याचे इंग्रजी करताना फक्त भाषा सांभाळावी लागते.

पाठवताना

एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. संस्थेची मर्यादा १० एमबी होती आणि त्याची पीडीएफ ६४ एमबीची. हे त्याला शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता कळले. घाईत ऑनलाइन साधनाने फाईल दाबली, तेव्हा दोन महिने घासून केलेल्या पेन्सिलीच्या छटांचे चौकोनी ठिपके झाले आणि तीच फाईल गेली. फाईलचा आकार आधीपासूनच आटोक्यात ठेवावा : पीडीएफमध्ये घालण्यापूर्वीच प्रत्येक प्रतिमा लांब बाजूने दोन हजार पिक्सेलच्या आसपास करून घेतली की पुढचा प्रश्न बराचसा सुटतो. फाईलचे नाव रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता, स्वतःच्या नावाने असावे. ‘फायनल’, ‘फायनल दोन’ आणि ‘नक्की फायनल’ या तीन फायलींतून चुकीची निवडणारे कमी नाहीत.

परदेशी मुदतीची वेळ भारतीय वेळेत लिहून ठेवावी. हिवाळ्यात ब्रिटनचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. तरीही दोन दिवस आधीच पाठवावे. पाठवल्यावर पोच मिळाल्याचा ईमेल जपून ठेवावा, आणि शक्य असेल तर अपलोड झालेली फाईल पोर्टलवरून पुन्हा उघडून प्रत्येक पान तपासावे.

मुलाखतीच्या दिवशी

प्रत्यक्ष बोलावले असेल तर मूळ कामे आणि स्केचबुक न्यावीत. ए-२ म्हणजे ४२० गुणिले ५९४ मिलिमीटर. याहून मोठी फाईल दुचाकीवर नेऊ नये, वाऱ्याने ती शिडासारखी फुगते. पावसाळ्यात प्रत्येक चित्रावर पातळ कागद आणि फाईलवर जाड प्लॅस्टिक, दोन्ही हवेत. अलका चौकात सिग्नलला थांबलेल्या रिक्षाच्या बाजूने आत आलेल्या सरीने एका मुलीचे कोळशाचे चित्र माझ्यासमोर वाहून गेले आहे; तिच्याकडे त्याचा चांगला फोटो होता म्हणून ती सावरली.

फाईल समितीकडे तोंड करून उघडावी आणि पान उलटण्याचे काम त्यांच्यावर सोडावे. ते ज्या पानावर थांबतील त्याविषयी बोलावे, बाकीच्या पानांवरील तयार भाषण गिळून टाकावे. ‘यात काय बदलाल’ असे विचारले तर ‘काही नाही’ हे उत्तर देऊ नये. आदल्या रात्री प्रत्येक कामातील एक त्रुटी स्वतः शोधून ठेवावी. इंग्रजी अडखळले तर थांबून शब्द शोधावा, किंवा हिंदीत सांगू का असे विचारावे. पुण्यातील मुलाखतीत मराठीही बऱ्याचदा चालते.

घरी आल्यावर त्याच दिवशी, चहा घेण्याआधी म्हटले तरी चालेल, कोणत्या पानावर कोणता प्रश्न आला ते स्केचबुकच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवावे आणि चित्रे गुंडाळी न करता सपाट ठेवावीत. पुढच्या संस्थेचे बोलावणे आठ दिवसांतही येते, आणि गुंडाळलेला कागद तोवर सरळ होत नाही.